भिंतीले लागा

आमच्याकडे कुणी चहाला आलं की आधी बसायचं आणि मग इकडेतिकडे पाहायचं. भाऊ मात्र दारातच थांबायचे. हातातली काठी उलटी धरून चौकटीच्या वरची भिंत ठोकायची, मान कलती करून ऐकायचं, मग दोन पावलं आत येऊन छत ठोकायचं. काठीला पितळेची टोपी होती. आवाज भरीव आला की ते चपला काढायचे आणि आम्हालाच म्हणायचे, "बसा जी, बसा. काही भेव नाई." घर आमचं, पण त्यात बसायची परवानगी त्यांच्याकडून मिळायची. बैठकीच्या छताला त्या टोपीचे वण पडले होते. मी दर दिवाळीला चुना लावून घ्यायची आणि पाडव्याला फराळाला येऊन ते नवीन वण करून जायचे.

मुलांनो, तुम्ही बर्फातले फोटो पाठवलेत, ते पाहिले. एकदाच पैसे भरायचे आणि मग खोली, जेवण, बूट, घसरायच्या फळ्या, शिकवणारा माणूस, सगळं त्यातच, असं तुम्ही लिहिलं आहे. आणि विचारलं आहे की बाबा एवढ्या लांब आमच्याबरोबर येतात आणि चारही दिवस खोलीत पुस्तक वाचत का बसतात. तुम्ही त्यांना भित्रे म्हणून चिडवता, हेही तुमच्या आईनं मला सांगितलं. त्यांना चिडवू नका, आणि विचारूही नका. मीच सांगते. पण ते सांगायचं तर आधी भाऊ सांगावे लागतील.

तेव्हा आम्ही घुग्घुसजवळच्या एका कोळसाखाणीच्या कॉलनीत राहत होतो. तुमचे आजोबा खाणीच्या दवाखान्यात डॉक्टर होते. मी कॉलनीच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. दोरीवर सकाळी घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळी राखी रंगाचं होऊन घरात यायचं. उन्हाळ्यात लोखंडी फाटकाला हात लावता येत नसे. भाऊ भूमिगत खाणीत ओव्हरमन होते. एका पाळीची माणसं खाली न्यायची, कामाला लावायची आणि पाळी संपली की वर आणायची, ही ओव्हरमनची जबाबदारी. शिवाय नवीन भरती झालेल्यांना खाली नेण्याआधी शिकवायचं कामही त्यांच्याकडे होतं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळी कॉलनी त्यांना भाऊच म्हणे, मॅनेजरसाहेबसुद्धा.

माणूस उंच आणि वाकलेला. खाली बुटक्या बोगद्यांतून वर्षानुवर्षं चालल्यामुळे उघड्या मैदानातही ते डोकं जरा खाली घालूनच चालत. त्यांचं वेड एकच होतं, छत. कुठलंही छत. चंद्रपूरला एकदा आम्ही दोन्ही घरं मिळून सिनेमाला गेलो. तिकिटं बाल्कनीखालची, चांगल्या जागेची होती. भाऊंनी बसायच्या आधी बाल्कनी खालून ठोकली.

डोअरकीपर धावत आला. "ओ काका, हे थेटर हाय, खदान नोहे."

"छत तं हाय ना?" भाऊ म्हणाले. "आवाज पोकळ येऊन राह्यला. मी इथी पोरीले बसवत नाई."

आणि त्यांनी आम्हाला सगळ्यांना उठवून अगदी पडद्यापुढच्या बाकांवर नेऊन बसवलं. भाऊंची लेक सुजाता; तिच्या आईनं, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, मान वर करून तीन तास सिनेमा पाहिला. मध्यंतरात ती मला म्हणाली, "यायच्या संग पिच्चर पाहाचा म्हणजे मानेले तेल लावूनच निंगा लागते, बाई."

ती भाऊंचं काहीही ऐकत नसे. ते म्हणाले चौकटीखाली उभी राहा, तर ती मुद्दाम अंगणात जाऊन उभी राहायची. "तुमची खदान खाली ठेवून येत जा," हे तिचं रोजचं वाक्य. भाऊ हसायचे. कॉलनीतली माणसं तिच्या बाजूनं बोलायची, कारण तिच्या तोंडाला सगळे भीत.

वेड कुठून आलं हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच दिवशी खाणीत लागले होते. दोघांचे वडील मूल गावाकडे तलावावर मजुरी करायचे. खाणीतली पगाराची नोकरी म्हणजे घराचं सोनं झालं. एक दिवस खाली काम थांबलं असताना भाऊ कोळशाच्या खांबाला पाठ लावून पाणी पीत होते आणि धाकटा वाटेच्या मधोमध उभा राहून त्यांच्याशी बोलत होता. "छत बोललं होतं, डॉक्टरसाहेब," भाऊ म्हणाले. "गडगड झालं. आमाले समजलंच नाई ते बोलून राह्यलं म्हणून. त्याचं बोलणं अर्धंच राह्यलं." कोणतं बोलणं, हे आम्ही विचारलं नाही.

इथे थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. जमिनीखाली कोळसा काढताना मध्ये मध्ये जाड खांब ठेवतात. त्यांना पिलर म्हणतात. वरचा दगड त्या पिलरांवर टेकलेला असतो. खचतो तो दोन पिलरांच्या मधला भाग, आणि तो सरळ खाली येतो. म्हणून वर आवाज झाला की बाहेर पळायचं नाही, मागे पाहायचं नाही. जवळच्या पिलरला पाठ लावून चिकटून उभं राहायचं. पळायला वेळ नसतो. चिकटायला असतो.

भाऊ हेच शिकवत. शाळेच्या मागच्या मैदानात त्यांनी लाकडी बल्ल्या रोवून आणि मातीचे ओटे घालून खोटी खाण केली होती. खेड्यापाड्यातून आलेले नवे गडी तिथे उभे करायचे, त्यांच्याशी शेताच्या, बैलांच्या गप्पा काढायच्या, आणि मध्येच रॉकेलचा रिकामा डबा दणादणा बडवून ओरडायचं, "भिंतीले लागा!" जो मागे राहील त्याच्या पाठीत काठी. माझा इंग्रजीचा तास चालू असताना तो डबा वाजे आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळा वर्ग दचके. मी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली होती. भाऊ स्वतः माफी मागायला आले, वर्गाचं छत ठोकून गेले, आणि दुसऱ्या दिवशी डबा वाजलाच.

त्या डब्याचा उपयोग काय, हे आम्हाला एका पावसाळ्यात कळलं. खाली मोठा भाग खचला. भाऊंची पाळी तिथेच होती. भोंगा वाजला तेव्हा सगळ्या क्वार्टरांतल्या बायका डोक्यावर पदरही न घेता खाणीच्या तोंडाशी धावल्या. संध्याकाळपर्यंत एकेक माणूस वर येत राहिला, काळाठिक्कर, धुळीनं डोळे मिटलेला, पण आपल्या पायांनी. कुणाचा खांदा निखळला होता, कुणाचं डोकं फुटलं होतं. दवाखान्यात टाके घालताना तुमच्या आजोबांनी प्रत्येकाला विचारलं, आणि प्रत्येकानं एकच सांगितलं: गडगड झालं, भाऊ ओरडले, आमी चिकटलो. त्यांतला एक जण पुढे महिनाभरानं भाऊंच्या दारात कोंबडी घेऊन आला. भाऊंनी त्याला हाकलून दिलं. "कोंबडी नको आणू. पोराले घेऊन ये. त्याले चिकटाले शिकवतो."

आणि पोरांना त्यांनी खरंच शिकवलं. संध्याकाळी कॉलनीतली पोरं मैदानात जमायची. भाऊ कुठूनतरी यायचे, डबा बडवायचे, आणि पोरं किंचाळत शाळेच्या भिंतीकडे धावायची. पाठ भिंतीला, हात छातीशी, हनुवटी खाली. पहिला येईल त्याला लिमलेटची गोळी. पहिली नेहमी सुजाता यायची. तुमचे बाबा दुसरे, आणि त्याचा त्यांना फार राग. "तिचे पाय लांब आहेत," असं घरी येऊन सांगायचे.

सुजाता माझ्याच वर्गात होती. तिला बापाचे कान मिळाले होते आणि आईचं तोंड. इंग्रजीच्या पुस्तकात एका धड्यावर चित्र होतं, पायांना लांब फळ्या बांधून डोंगरावरून घसरणारी मुलं. ती उभी राहिली.

"मॅडम, हे पोट्टे काऊन घसरून राह्यले?"

"शाळेत 'का' म्हणायचं."

"का घसरून राह्यले?"

सगळा वर्ग हसला, आणि मीही. मग तिनं विचारलं, आपल्या देशात असं करता येतं का. काश्मिरात येतं, असं मी म्हटलं. एवढंच माझं बोलणं. पण त्या संध्याकाळी पुस्तक भाऊंच्या घरी गेलं आणि भाऊंनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले.

"बाई, यायच्या डोक्यावर काहीच नाई," ते म्हणाले. "ना छत, ना झाड. नुसतं आभाळ. अशी जागा पोरीले एकदा दाखवाची हाय."

कंपनी काही वर्षांनी एकदा कुटुंबाला कुठेतरी जाऊन येण्याचं भाडं देत असे. कॉलनीतली माणसं त्यावर काशीला जात, रामेश्वरला जात. भाऊ बुद्धाला मानणारे, त्यांच्या घरचे लोक एकदा बोधगयेला जाऊन आले होते. या वेळी भाऊंनी अर्जावर काश्मीर लिहिलं, तेही भर थंडीत. सगळी पाळी त्यांना हसली. "भाऊ, तिथं बर्फाचं छत असते म्हणते, ठोकसान कसं?" भाऊ म्हणाले, "थे तं पायाखाली असते, भैताडा." तुमच्या बाबांनी घरी अन्न सोडल्यामुळे आम्हीही बरोबर निघालो.

प्रवासाचं सगळं सांगत नाही. जम्मूपासून पुढे बस होती आणि वाटेत डोंगरातला मोठा बोगदा. त्यात शिरताच भाऊ उठून उभे राहिले, खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहू लागले. कंडक्टर ओरडला. भाऊ आत आले आणि खूश होऊन म्हणाले, "अस्तर पक्कं हाय. ज्यानं केलं त्याले माहिती होतं." बर्फ पहिल्यांदा दिसला तेव्हा सगळी बस खिडक्यांना लागली, आणि भाऊ एकटे आपल्या जागी बसून लेकीच्या तोंडाकडे पाहत होते.

हॉटेल लाकडाचं, लांबट, दुमजली होतं. वर उतरतं पत्र्याचं छप्पर. तुमच्या हॉटेलासारखंच सगळं त्यातच होतं: खोलीतली लोखंडी शेगडी, तीन वेळचं जेवण, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, जाड कोट, फळ्या आणि शिकवणारा माणूस. सुजाताच्या आईचा त्यावर विश्वास बसेना. कोट हातात दिला की ती विचारायची, "याचे अलग द्या लागते का?" वेटरनं दुसरी पोळी वाढली तरी तोच प्रश्न. वेटर दर वेळी म्हणायचा, "नहीं माताजी, सब शामिल है." मग तिनं मला हळूच विचारलं, "बाई, मंग हे लोक खातात काय?" भाऊंनी सगळ्या खोल्यांची छतं आतून ठोकली. फळी देवदाराची होती. "आमच्या खदानीत अशी असती तं," एवढंच म्हणाले. मॅनेजर त्यांना सरकारी तपासनीस समजला आणि त्या रात्री जेवणात खीर आली.

पहिले दोन दिवस बर्फ पडतच राहिला. आम्ही शेगडीभोवती पत्ते खेळलो. तिसऱ्या सकाळी लख्ख ऊन पडलं. सगळं इतकं पांढरं की डोळे उघडवत नव्हते. मुलांना अंगणात सोडलं. अंगण म्हणजे हॉटेलपुढचं सपाट मैदान. शिकवणारा माणूस तुमच्या बाबांच्या पायाला फळी बांधत होता. एक बांधून झाली होती, दुसरी हातात होती. सुजाता आपली पाळी यायची वाट पाहत मैदान आणि हॉटेलच्या मध्ये उभी होती आणि बर्फाचे गोळे करून आईला मारत होती. तिची आई मैदानात माझ्याशेजारी. तुमचे आजोबा फोटोसाठी कॅमेरा आणायला खोलीत गेले होते. भाऊ जरा लांब, एका बाकाजवळ, पहिल्यांदाच काठी बाजूला ठेवून उभे.

वर गडगड झाली. पत्र्यावर दोन दिवसांचा बर्फ साचला होता आणि उन्हानं तो सुटला होता, हे मला नंतर समजलं. त्या वेळी नुसता आवाज आला, रॉकेलचा डबा कुणी बडवावा तसा, फक्त फार मोठा.

दारातला चौकीदार ओरडला, "बाहर! मैदान में आओ!" तिथली माणसं सगळी मैदानाकडे पळाली. आणि त्याच वेळी भाऊ ओरडले. तो आवाज मी शाळेच्या खिडकीतून कितीदा ऐकला होता. "भिंतीले! भिंतीले लागा!"

सुजाताची आई ओरडली, "सुजे, इकडं ये! माह्याकडं ये!"

सुजाता थांबली. मी तिच्यासमोर होते, मला नीट दिसलं. ती आईकडे एक पाऊल आली होती आणि थांबली. तिनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. भाऊंनी पुन्हा ओरडून हात केला. ते बाजूला होते आणि ऊन त्यांच्या डोळ्यांवर होतं. मग ती वळली आणि भिंतीकडे पळाली. तुमचे बाबाही पळाले, पण त्यांच्या एका पायाला फळी होती. ते जागीच तोंडावर पडले.

खाणीत छत सरळ खाली येतं, म्हणून भिंतीजवळ माणूस वाचतो. उतरत्या छपरावरचा बर्फ घसरत कडेपर्यंत येतो आणि नेमका भिंतीलगत पडतो. हे सांगायला मला दोन वाक्यं लागली. भाऊंचं सगळं आयुष्य छताच्या खाली गेलं होतं. छपराच्या वर काय असतं, हे पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

बर्फ कापसासारखा असेल असं आपल्याला वाटतं. पडल्यावर तो सिमेंटसारखा बसला. फावडी आली, माणसं हातांनी, फळ्यांनी उकरू लागली. भाऊ सगळ्यांच्या पुढे होते. कुठे उकरायचं हे ते एकटेच सांगू शकत होते, कारण ती कुठे आणि कशी उभी असेल हे त्यांनाच ठाऊक होतं. तसंच निघालं. पाठ भिंतीला, हात छातीशी, हनुवटी खाली. तुमच्या आजोबांनी तिथेच बर्फात गुडघे टेकून जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, आणि बराच वेळ केलं. शेवटी सुजाताच्या आईनंच त्यांचा हात धरला. "राहू द्या, डॉक्टरसाहेब. तिले दुखन."

श्रीनगरला अग्नी दिला. भन्ते मिळाले नाहीत. त्रिशरण-पंचशील भाऊंनीच म्हटलं, न अडखळता. परतीच्या प्रवासात बोगदा आला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

घुग्घुसला आल्यावर कॉलनीनं फार सांभाळून घेतलं. बर्फाचा अपघात, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं जाणणारे आम्हीच. भाऊ कामावर जाऊ लागले, पण खाली उतरेनात आणि मैदानातही येईनात. डबा थांबला. मॅनेजरसाहेबांनी त्यांना वरचं, खाली जाणाऱ्यांना दिवे मोजून देण्याचं काम देऊ केलं. नवीन भरतीची माणसं येऊन बसली होती आणि त्यांना शिकवायला दुसरा कुणी नव्हता. त्यांना न शिकवताच खाली पाठवायची भाषा सुरू झाली.

तेव्हा एका दुपारी भाऊ आमच्याकडे आले. हातात काठी नव्हती. छत न ठोकताच येऊन बसले. तुमचे आजोबा घरात होते, पण भाऊ माझ्याकडे वळून बोलले.

"बाई, एक विचारतो. तुमी समोर होता. मले उन्हानं दिसलं नाई."

"विचारा."

"पोरगी थांबली होती काय?"

उत्तराची वाट न पाहता ते पुढे बोलले, एकेक शब्द ठेवावा तसे. "गडगड झाल्याबरोबर पळाली असन, तं मी ओरडलो काय अन् नाई ओरडलो काय. शिकवलं होतं, पळाली. पण थांबली असन, माहं ऐकून मंग गेली असन, तं मंग माह्या ओरडण्यानं गेली. मंग या तोंडानं मी खाली कोणाले काय सांगू? सांगताना आवाज अडला तं माणूस मरते, बाई. अर्धं ओरडून नाई चालत."

"सुजाताच्या आईला विचारलं का?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"तिले विचारलं. आता तुमाले विचारतो."

तिनं काय सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

"थांबली नाही, भाऊ," मी म्हटलं. "आवाज झाला आणि पळाली. तुमचं ओरडणं नंतरचं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग उठले, चपला घातल्या. "बरं झालं सांगतलं," म्हणाले. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत तुमचे आजोबा माझ्याकडे पाहत होते, पण त्यांनीही नंतर कधी तो विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात तास चालू असताना मागच्या मैदानात डबा वाजला. "भिंतीले लागा!" आवाज पूर्वीइतकाच मोठा होता. वर्गात कुणी दचकलं नाही. सगळी मुलं तुमच्या बाबांकडे पाहू लागली. त्यांनी डोकं बाकावर टेकवलं होतं आणि दोन्ही हातांनी कान झाकले होते. मी धडा वाचत राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. नवीन माणसं शिकून खाली गेली. भाऊही त्यांच्याबरोबर खाली गेले आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिले.

पण डबा वाजला त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुजाताची आई घर सोडून गेली. तिचा भाऊ एटापल्लीला पोस्टात होता, त्याच्याकडे. कुणाला काही न सांगता सकाळच्या बसनं गेली. मग मात्र कॉलनीनं तिला सोडलं नाही. नळावर, दवाखान्याच्या ओट्यावर एकच बोलणं. "अशा टायमाले नवऱ्याले टाकून गेली. दगड हाय दगड." भाऊ स्वतःच्या हातानं भाकरी थापू लागले आणि त्याबद्दल कुणी बोललं की म्हणत, "तिचं बरोबर हाय. माहा आवाज मैदानातून सरळ घरात येते. तिनं कसा ऐकाचा?" सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं.

वर्षभरानं तुमच्या आजोबांना डोळ्यांच्या शिबिरासाठी एटापल्लीला जावं लागलं आणि मी बरोबर गेले. पूर्ण रस्ता जंगलातून. तिच्या भावाचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते. मला पाहून हात पुसले, बाज टाकली, चहा ठेवला. भाऊंची तब्येत विचारली. जेवतात का, दम लागतो का, सदरा कोण शिवून देतं. टाकून आलेली बाई असे प्रश्न विचारत नाही. मी तसं बोलून दाखवलं.

ती फुलं हातानं पसरत राहिली. "त्यायनं तुमाले विचारलं असन, बाई."

"विचारलं."

"काय सांगतलं तुमी?"

"थांबली नाही म्हणून."

तिचा हात जागीच राहिला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. बर्फातल्या त्या दिवसानंतर तिनं मला असं सरळ पाहिलं नव्हतं.

"मीही तेच सांगतलं," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी कधी काही ठरवलं नव्हतं. चहा उकळून उतू गेला, तो तिनं उतरवला.

"मग इकडे का आलीस?" मी विचारलं. "लोक काय काय बोलतात तुला."

"बोलू द्या. माहं तोंड तुमाले माहिती नाई काय? आजवर काई पोटात राह्यलं नाई माह्या. त्यायच्यासमोर राह्यली असती, तं एका दिवशी भांडणात निंगून गेलं असतं तोंडातून, पोरगी थांबली होती म्हणून. तुमच्याकडं पाहून गेली म्हणून." तिनं कप माझ्या हातात दिला. "अन् ते चूप झाले असते. खाली माणसं हायेत ना, बाई."

भाऊ जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि गेल्या वर्षी तीही गेली. म्हणून लिहिलं.